घोड्याने पाय का उचलला?

(वार्षिक समारंभात केलेल्या भाषणावरून)



मुंबईला गेलेल्या माणसाने 'काळा घोडा' हे नाव ऐकलेलेच असते. तिथे 1879 सालापासून इंग्लंडच्या युवराजाचा, म्हणजे पुढे सातवा एडवर्ड झालेल्या राजाचा, अश्वारूढ पुतळा होता. 1965 साली तो तिथून हलवला. आज तो राणीच्या बागेत आहे. राजा गेला, पण जागेला नाव घोड्याचेच राहिले. 2017 साली तिथे पुन्हा एक काळा घोडा उभा केला, तोही स्वाराविना. लोकांनी लक्षात ठेवला तो घोडा. म्हणून आज मीही स्वारांविषयी नव्हे, घोड्यांविषयीच चार शब्द सांगणार आहे.

अशा पुतळ्यांविषयी एक समजूत आपण ऐकली असेल. घोड्याचा एक पाय उचललेला असेल तर स्वार जखमांनी मेला. पुढचे दोन्ही पाय हवेत असतील तर तो रणांगणावर पडला. चारी पाय जमिनीवर असतील तर अंथरुणावर वारला. ऐकायला हे छान वाटते. पण ऐकलेली गोष्ट पडताळून पाहावी. स्पेनचा राजा चौथा फिलिप आणि रशियाचा झार पीटर, दोघांचेही घोडे मागच्या दोन पायांवर उभे आहेत. आणि दोघेही आजारपणातच वारले, एक 1665 साली, दुसरा 1725 साली! मित्रहो, घोड्याच्या पायावरून स्वाराचे मरण कळत नाही. पुतळा घडवणाऱ्याचा हुन्नर कुठवर पोचला होता, ते मात्र कळते.

विचार करा. घोड्याचे धड जड, पाय बारीक आणि पाठीवर स्वार. धातूत हे सारे टनांनी मोजायचे. एक पाय उचलला की भार उरलेल्या तिघांवर येतो. रोमच्या मार्कस ऑरेलियस बादशहाचा सुमारे अठराशे वर्षांपूर्वीचा ब्राँझचा घोडा असा तीन पायांवर उभा आहे. पुढे युरोपात ही विद्या मागे पडली. इटलीतल्या पादुआ शहरात 1453 साली दोनातेल्लोने एका सेनापतीचा पुतळा उभारला, तेव्हा घोड्याचा उचललेला पाय त्याने एका गोळ्यावर टेकवला. एवढा मोठा कलावंत, पण आधार घेण्यात त्याला कमीपणा वाटला नाही.

1640 साली फिलिपच्या पुतळ्यात पिएत्रो ताक्काने घोड्याचे पुढचे दोन्ही पाय उचलले. मागचा भाग भरीव आणि पुढचा पोकळ ठेवला, म्हणजे तोल मागे राहतो. हा सल्ला गॅलिलिओने दिला असे सांगतात. तो पुतळा माद्रिदमध्ये आजही उभा आहे.

आता पीटरचा पुतळा. राणी दुसऱ्या कॅथरिनने तो सेंट पीटर्सबर्गमध्ये उभारायचे ठरवले आणि 1766 साली फाल्कोने नावाचा फ्रेंच शिल्पकार तिथे गेला. चौथऱ्यासाठी हजार टनांहून जड अशी एकच शिळा निवडली. ती ओढायची कशी? जमीन थंडीने गोठेपर्यंत थांबले. मग खोबणीत ब्राँझचे गोळे ठेवून त्यांवरून ती शिळा माणसांनी सरकवली. सायकलच्या चाकातल्या छऱ्यांचे तत्त्व तेच.

घोडा झाला, पण पीटरचा चेहरा काही जमेना. उस्तादाचे नमुने राणीला पसंत पडले नाहीत. शेवटी तो चेहरा घडवला त्याच्या शागीर्द मुलीने. मारी-आन कोलो तिचे नाव. रशियात आली तेव्हा ती अवघी अठरा वर्षांची होती. तिचा नमुना राणीने मान्य केला, आणि आज पुतळ्यावर आहे तो चेहरा तिचाच.

1775 साली ओतकामाच्या वेळी साचा फुटला. वितळलेला धातू बाहेर आला, आग लागली, माणसे पळाली. येमेल्यान खाइलोव नावाचा ओतारी मात्र जागचा हलला नाही. जिवावर उदार होऊन त्याने काम वाचवले. 1782 साली पुतळ्याचे अनावरण झाले. फाल्कोने त्याआधीच, 1778 साली, रशिया सोडून गेला होता. चौथऱ्यावर दोनच नावे कोरली आहेत: पीटर आणि कॅथरिन.

त्या घोड्याच्या मागच्या पायांखाली एक साप आहे. तो शत्रूचे प्रतीक म्हणून दाखवतात. पण घोड्याची शेपटी त्या सापाला टेकलेली आहे. म्हणजे तोच घोड्याचा तिसरा पाय!

आज तर घोड्याच्या पोटात माणसे शिरतात. 2008 साली मंगोलियात चंगीझखानाचा 40 मीटर उंचीचा पोलादी पुतळा उभा राहिला. लोक आतून चढून घोड्याच्या डोक्यापर्यंत जातात आणि तिथून भोवतालचे माळरान पाहतात.

विद्यार्थी मित्रहो, यापुढे असा पुतळा दिसला तर पुढून सलाम करून निघून जाऊ नका. एकदा मागे जा. भार कोणत्या पायावर आहे, शेपटी कुठे टेकली आहे, ते बघा. आणि पालकांना माझी एवढीच विनंती की मुलाने किंवा मुलीने 'हा घोडा पडत कसा नाही?' असे विचारले, तर हात धरून पुढे ओढू नका. तिथे जरा थांबा. उत्तर येत नसेल तर दोघे मिळून शोधा. त्या पुतळ्याचे खरे मोल स्वाराच्या तलवारीइतकेच त्या उत्तरातही आहे.