पत्र्याच्या पेटीतली विसंगती

(तंजावरमध्ये शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांच्या बैठकीतलं भाषण. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)



आजचा विषय घरगुती आहे. घरातले कागद लावायला एआयची मदत घ्यावी का, आणि घेतली तर कशी, याबद्दल मी बोलणार आहे.

इथे बसलेल्यांपैकी बहुतेक जण आपापल्या घरातले पहिले पदवीधर आहेत. पहिल्या पदवीधराला घरात एक पद न मागता मिळतं. कुणाचा फॉर्म भरायचा असो, दाखल्यावर नाव चुकलेलं असो, सेतू केंद्रातून कुणाला परत पाठवलेलं असो, फोन आपल्यालाच येतो. आपण तंजावरला असलो तरी येतो.

मला तो गेल्या जूनमध्ये आला. धाकट्या बहिणीला नर्सिंगला प्रवेश घ्यायचा होता आणि जात वैधता प्रमाणपत्र, म्हणजे आपल्या भाषेत व्हॅलिडिटी, काढायची होती. मी साधं बीए, एमए केलं, त्यामुळे घरात ही वेळ पहिल्यांदाच आली होती. वडील आता नाहीत. सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या घरी माळ्यावर त्यांची पत्र्याची पेटी आहे. त्यात दाखले, जुनी रेशनकार्डं, रोजगार हमीचं कार्ड, दवाखान्याच्या चिठ्ठ्या, फोटो, लग्नपत्रिका आणि दोन-तीन वह्या, सगळं एकत्र कोंबलेलं. बहिणीने एकेका कागदाचा फोटो काढून मला पाठवला. ११८ फोटो. मी इथे खोलीवर बसून ते एआय सहायकाला दाखवले आणि सांगितलं, "यांची नीट यादी कर."

पुढे काय झालं ते सांगण्याआधी, ज्या गावात आपण बसलोय त्या गावातल्या कागदांबद्दल थोडं सांगतो.

मोठ्या देवळात तुम्ही सगळे गेला आहात. तिथे भिंतीवर मराठीत एक लांबलचक शिलालेख आहे. दुसऱ्या सरफोजींच्या काळात, १८०३ साली तो कोरला गेला. त्यात भोसले घराण्याचा इतिहास आहे. म्हणजे एका घराण्याची वंशावळ दगडावर आहे. तिथून जवळच सरस्वती महाल ग्रंथालय आहे. तिथे तंजावरच्या मराठा राज्याच्या दप्तराचे तेराशेहून जास्त गठ्ठे आहेत, मोडीत लिहिलेले. १८५५ मध्ये राज्य गेलं, तरी कागद राहिले. कारण ते लिहायला कारकून होते, ठेवायला जागा होती आणि पुढे जपायला संस्था उभी राहिली.

आपल्याकडेही वंशावळ मागतात. व्हॅलिडिटीच्या अर्जाला वंशावळीचं शपथपत्र जोडावं लागतं. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०च्या आधीचा पुरावा विचारतात. भटक्या-विमुक्तांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७. महाराष्ट्राच्या जात पडताळणी कायद्याचं आठवं कलम सांगतं की जात सिद्ध करण्याचा भार अर्जदारावर आहे. गंमत बघा. पाणवठ्यावर, देवळाच्या पायरीवर, खोली भाड्याने मागताना आपली जात सिद्ध करायला कुणी कागद मागितला नाही. तिथे सगळ्यांना ती माहीत असते. हक्क मागायला गेलो की मात्र पणजोबांचा कागद लागतो. आणि ज्या पिढ्यांना शाळेच्या आत बसू दिलं नाही, त्यांच्याकडूनच शाळेचा दाखला अपेक्षित असतो.

म्हणून ती पेटी अडगळ नाही. ते आपल्या घराचं दप्तर आहे.

आता त्या रात्रीकडे येतो. पंधरा मिनिटांत एआयने तक्ता करून दिला. मला खरंच हायसं वाटलं. वडिलांनी आयुष्यभर जपलेले कागद पहिल्यांदा ओळीने दिसत होते. कोणता कागद कुणाचा, कोणत्या सालचा, काय नाही, सगळं. पणजोबांच्या गावच्या कोतवाल बुकाचा उतारा आपल्याकडे नाही हे मला त्या तक्त्यामुळेच कळलं.

पण तक्त्याखाली त्याने एक शीर्षक दिलं होतं: "आढळलेल्या विसंगती". त्याखाली तीन मुद्दे.

पहिला, आजोबांचं नाव. १९४६ च्या शाळेच्या निर्गम उताऱ्यावर 'सटवा' आहे. रेशनकार्डावर 'सटवाजी'. वडिलांच्या दाखल्यावर 'सटू'. एआयने उताऱ्यावरचं नाव 'सातवा' असं वाचलं होतं, आणि ही तीन वेगळी माणसं असावीत असं म्हटलं होतं. असं का होतं? हे यंत्र अक्षर वाचताना जास्त ओळखीच्या शब्दाकडे झुकतं. त्याने जो मजकूर वाचून ठेवलाय त्यात 'सातवा' हजारो वेळा आलं असेल. सटवाईच्या नावावरून ठेवलेली आपल्या आजोबांची नावं त्यात किती आली असतील? आपल्या लोकांबद्दल जे लिहिलं गेलं नाही, ते यंत्राला शिकायलाही मिळालं नाही.

दुसरा मुद्दा, जन्मतारीख. वडील, काका आणि आत्या, तिघांचा जन्म १ जूनचा. एआय म्हणालं, हे संभवत नाही, नोंदी तपासा. तुम्ही हसताय, कारण तुमच्याही घरात १ जूनवाले आहेत. आई-बापाला तारीख सांगता आली नाही, शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, मास्तरांनी १ जून टाकून दिलं.

तिसरा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. आजोबांच्या उताऱ्यावर 'महार'. वडिलांच्या दाखल्यावर 'हिंदू महार'. काकांच्या दाखल्यावर 'नवबौद्ध'. माझ्या आणि बहिणीच्या दाखल्यावर 'बौद्ध'. एआयने सुचवलं की एकसारखेपणासाठी वंशावळीत सगळीकडे 'बौद्ध' लिहावं. वर, हवं तर तसा मसुदा तयार करून देतो, असंही म्हणालं.

मी जवळजवळ हो म्हणणार होतो. रात्रीचे दोन वाजले होते.

मित्रांनो, ही विसंगती नाही. १९४६ मध्ये आजोबा शाळेत गेले तेव्हा दीक्षा झालेली नव्हती. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला बाबासाहेबांनी धम्म स्वीकारला आणि आपल्या घराघरात कागद बदलायला लागले. पण अनुसूचित जातींच्या आदेशात बौद्धांचा समावेश झाला १९९० मध्ये. मधल्या काळात कुणी सवलत जाऊ नये म्हणून 'हिंदू महार' लावलं, कुणी ठामपणे 'नवबौद्ध' लावलं. एकाच घरात दोन भावांनी दोन तऱ्हेने लावलं. त्या चार दाखल्यांत आमच्या घराचा पन्नास वर्षांचा झगडा आहे. आणि व्यवहाराच्या दृष्टीने बघाल तर १९५० पूर्वीचा 'महार' हा एकच शब्द बहिणीच्या अर्जाचा पाया होता. तो 'दुरुस्त' केला असता तर शपथपत्रात खोटं लिहिलं गेलं असतं, आणि पुरावाही हातचा गेला असता.

साताऱ्याच्या शाळेचं रजिस्टर आठवा. ७ नोव्हेंबर १९०० ला तिथे बाबासाहेबांचा प्रवेश झाला. म्हणून आपण तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळतो. रजिस्टरमध्ये नाव आहे 'भिवा रामजी आंबेडकर'. आजच्या एखाद्या यंत्राला ते 'सुधारायला' दिलं तर ते भिवाचं भीमराव करेल, कारण जगाला भीमराव माहीत आहे. पण त्या दिवशी शाळेत गेलेला मुलगा भिवा होता. नोंद जशी होती तशी राहिली, म्हणून तिला किंमत आहे.

इथल्या तमिळ मित्रांचं उदाहरणही बघा. १९२९ मध्ये चेंगलपट्टूच्या स्वाभिमान परिषदेत जातीची उपनावं टाकून द्या असा ठराव झाला. आज इथे बहुतेकांच्या नावाआधी वडिलांच्या नावाचं आद्याक्षर असतं, आडनाव नसतं. माझ्या खोलीतल्या मित्राने अर्ज भरायला एआयची मदत घेतली, तर त्याने रिकामा रकाना बघून वडिलांचं नावच आडनाव म्हणून टाकलं. ज्यांनी विचार करून आडनाव सोडलं, त्यांना यंत्राने ते परत चिकटवलं. त्यामागे द्वेष नव्हता, त्याला फक्त रिकामा रकाना सहन होत नाही.

मग एआय वापरायचं नाही का? वापरायचं. ज्यांच्या घरात वकील, कारकून, ओळखीचा अधिकारी आहे, त्यांना त्याची गरज कमी. आपल्याला जास्त आहे. मी आता कसं वापरतो ते सांगतो.

फोटो देण्याआधी आधार क्रमांक, बँक खातं, मोबाइल नंबर यांवर कागदाची पट्टी ठेवा. यादी करायला त्या आकड्यांची गरजच नाही. आजारपणाचे कागद देऊ नका.

सुरुवातीलाच स्पष्ट सांगा: नाव, जात, धर्म, तारीख जशी लिहिली आहे तशीच उतरव. काही दुरुस्त करू नकोस. वाचता आलं नाही तर रकाना रिकामा ठेव. तक्त्यात दोन रकाने जास्तीचे करा: मूळ कागद कुठे आहे, आणि माणसाने तपासला का.

तपासायला आईला फोन लावा. माझ्या आईला वाचता येत नाही. पण सटवा, सटवाजी आणि सटू हा एकच माणूस, हे तिने एका वाक्यात सांगितलं. आत्याने आणखी दोन नाती सांगितली. नावांचा फरक शपथपत्रात मांडता येतो, पण तो फरक कुणाचा आहे हे घरचं माणूसच सांगू शकतं. जुना मोडी कागद असेल तर मोडी जाणणाऱ्यालाच दाखवा. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ इकार-उकारांचा भेद सहसा नसतो, तिथे यंत्राचा अंदाज आणखी घसरतो.

मुख्याध्यापकांकडे उतारा मागायचा अर्ज, तहसीलला कोतवाल बुकाच्या नकलेचा अर्ज, उत्तर आलं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज, यांचे मसुदे त्याच्याकडून जरूर करून घ्या. कोणता कागद कुठल्या कार्यालयात मिळतो हे विचारा, मग कार्यालयात जाऊन खात्री करा. आणि जुन्या कागदांना लॅमिनेशन करू नका. ते परत काढता येत नाही.

शेवटची एक गोष्ट. यादीच्या तळाशी एआयने 'टाकून देता येतील असे कागद' असा भाग केला होता. त्यात एक वही होती, १९६४ च्या जयंतीच्या वर्गणीची. पुरावा म्हणून समितीपुढे तिचा उपयोग नाही, हे त्याचं म्हणणं बरोबर होतं. मी बहिणीला तिची सगळी पानं पाठवायला सांगितली. आमच्या वस्तीतल्या कुणीतरी, बहुधा नव्यानेच लिहायला शिकलेल्या माणसाने, प्रत्येक घराचं नाव लिहिलं होतं. शाळेने सटवा म्हटलं, रेशनवाल्याने सटवाजी, आणि या वहीत लिहिलंय: 'सटवाजीराव, आठ आणे'. आमच्या पेटीत आजोबांना राव म्हणणारा तो एकच कागद आहे.

व्हॅलिडिटी आली. वही आता दाखल्यांच्या फाईलमध्येच, वरच्या कप्प्यात ठेवली आहे.

दिवाळीत घरी जाल तेव्हा पेटी उतरवा. आई-आत्याला शेजारी बसवा आणि कागद त्यांना मोठ्याने वाचून दाखवा. यंत्राला नंतर विचारू.

जय भीम.