केटा : दोन पाण्यांमधला जिल्हा



शाळेच्या भिंतीवर जगाचा नकाशा असेल तर शिक्षक बंधुभगिनींनी मुलांना आज पश्चिम आफ्रिकेच्या दक्षिण किनाऱ्यावर बोट ठेवायला सांगावं. तिथे गिनीच्या आखाताला लागून घाना हा देश आहे. त्याची राजधानी आक्रा. आक्राहून किनाऱ्याने पूर्वेकडे निघालं, व्होल्टा नदी ओलांडली, की केटा नावाचं गाव लागतं. या केटाविषयी आज मी चार शब्द सांगणार आहे.

केटाची जागाच मोठी चमत्कारिक आहे. एका बाजूला खवळता समुद्र, दुसऱ्या बाजूला घानातलं सर्वांत मोठं खारं सरोवर आणि या दोहोंच्या मधे वाळूची एक चिंचोळी पट्टी. त्या पट्टीवर वस्ती, बाजार, शाळा, रस्ता, सारं काही. इथले लोक अन्लो, म्हणजे एवे भाषा बोलणारे. समुद्रात मोठं जाळं टाकून ते माणसांच्या रांगेने किनाऱ्यावर ओढायचं, ही त्यांची मासेमारी. आपल्या कोकणातले श्रोते लगेच म्हणतील, अहो, ही तर आमची रापण! कोरड्या दिवसांत सरोवराचं पाणी आटलं, की कडेला मीठ धरतं. ते गोळा करून विकतात. शेजारच्या अन्लोगाच्या वाळूत छोट्या कांद्याचे वाफे असतात. थोडक्यात, दोन्ही पाणी त्यांना पोसतात.

पण पोसणारं पाणीच गिळायलाही येतं. डॅनिश व्यापाऱ्यांनी 1784 साली इथे प्रिन्झेनस्टाइन नावाचा किल्ला बांधला. 1980 साली समुद्राने त्याचा मोठा भाग पाडला. घरं गेली, रस्ते गेले, बाजाराच्या जागा गेल्या. असं का होतं? या किनाऱ्यावर वाळू स्थिर नसते. लाटा तिला पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकवत नेतात. व्होल्टा नदी नवी वाळू आणून टाकत असे. 1965 साली वर आकोसोम्बोचं धरण पूर्ण झालं आणि नदीचा पुष्कळसा गाळ तिथेच अडला. मात्र सारा दोष धरणाच्या माथी मारू नये. केटाची झीज त्याच्याही आधीपासून चालू होती. धरणाने तिला हातभार लावला, एवढंच.

आता कारभाराकडे वळू. आपल्याकडे नगरपालिका म्हटलं की एक शहर डोळ्यांसमोर येतं. घानात तसं नाही. तिथे म्युनिसिपल जिल्हा म्हणजे मुख्य गाव आणि भोवतीची खेडी मिळून एक कारभार. 1988 साली तिथे जिल्हासभांची नवी पद्धत सुरू झाली आणि 1992 च्या राज्यघटनेने ती पक्की केली. सभेचे शंभरातले सत्तर सभासद लोक निवडून देतात, उरलेले तीस राष्ट्राध्यक्ष नेमतात. नेमताना परंपरागत प्रमुखांचा आणि इतर मंडळींचा विचार घ्यावा लागतो. निवडणूक चार वर्षांनी होते आणि तीत पक्षाचं चिन्ह चालत नाही. आपल्या ग्रामपंचायतीसारखंच म्हणा ना!

मात्र कारभाराचा मुख्य माणूस, म्हणजे मुख्य कार्यकारी, हा राष्ट्राध्यक्षांनी सुचवलेला असतो. हजर राहून मत देणाऱ्या सभासदांपैकी दोन-तृतीयांशांनी मान्यता दिली तरच तो खुर्चीवर बसतो. पैशाचं म्हणाल तर देशाच्या एकूण महसुलातले निदान पाच टक्के सभांना वाटावेत, असं घटनाच सांगते. पण हप्ते वेळेवर येत नाहीत, ही तक्रार तिथे जुनी आहे. बाजारपट्टी, घरपट्टी आणि परवान्यांची फी ही सभेची स्वतःची मिळकत.

आता तुम्हीच सांगा, बाजारपट्टीतून समुद्र अडवता येईल काय? नाही येणार. ते काम देशाच्या सरकारनेच हाती घेतलं आणि 2004 साली पूर्ण केलं. समुद्रात दगडी बांध घातले, केटापासून केड्झीपर्यंतचा तुटलेला रस्ता पुन्हा जोडला, सरोवरात भर घालून घरांसाठी जमीन काढली. केटा सावरलं. पण बांधाने वाळू इकडे अडली आणि पूर्वेकडच्या गावांची झीज वाढली. ती गावं शेजारच्या जिल्ह्यातली. त्यांच्यासाठी पुढे वेगळे बांध घालावे लागले.

2019 साली अन्लोगाचा भाग केटापासून निघाला आणि त्याचा स्वतंत्र जिल्हा झाला. लोकांना कचेरी जवळ आली, हे चांगलंच. पण 7 नोव्हेंबर 2021 रोजी लाटा वस्तीत शिरल्या, त्या केटा, अन्लोगा आणि केटू साउथ अशा तिन्ही जिल्ह्यांत. हजारो माणसं बेघर झाली. सभा तीन, समुद्र एकच!

म्हणून केटाकडून शिकायचं ते एवढंच. किनाऱ्यावरची वाळू कोणी उपसू नये, गटारं तुंबू नयेत, कोणाच्या घराला धोका आहे याची नोंद असावी, ही कामं गावच्या सभेनेच करायची. राजधानीत बसून ती होत नाहीत. उलट समुद्राचा बांध गावच्या तिजोरीतून उभा राहत नाही. तिथे सरकारचं बळ लागतं. आणि बांध घालताना शेजारच्या जिल्ह्याला विचारावं लागतं, कारण आपण अडवलेली वाळू ही त्याचीच वाटणी असते. जिल्ह्याची हद्द कागदावर आखता येते. वाळूला ती ठाऊक नसते.

शिक्षकांनी उद्या वर्गात एक प्रश्न जरूर विचारावा : आपल्या गावचं कोणतं काम आपण एकट्याने करू शकतो आणि कोणत्या कामाला शेजाऱ्याचा हात लागतो? मुलं काय उत्तरं देतात ते ऐकण्यासारखं असेल.