दादीशी बोला, दादीविषयी नको



गंभीर आजारी वृद्धांच्या घरी जाऊन मी शुश्रूषा करते. तुमच्याशी बोलायचं कारण असं की, आपल्या घरांत डॉक्टर आणि दादी यांच्यामध्ये बहुतेक वेळा तुम्हीच उभे असता. डॉक्टर मराठी-इंग्रजीत सांगतात, दादी दखनीत विचारते, दुभाषी तुम्ही. दारातच एखादे चाचा बजावतात, "दादी को कुछ मत बोलो." मग 'कॅन्सर पसरलाय' याचं तुमच्या तोंडून 'थोडी सूज आहे' होतं.

यामागे माया असते. पण तब्येत खालावतेय हे दादीला कळतच असतं. सगळे गप्प, म्हणून तीही गप्प. कुणाची माफी मागायची, कुणाचं देणं फेडायचं, कुठल्या लेकीला भेटायचं, सारं मनातच राहतं.

"मौत का वक्त अल्लाह के हाथ में है, मग ही चर्चा कशाला?" असं मला विचारतात. वेळ आपल्या हाती नाही, हे खरंच. पण वसीयत करावी, कर्ज फेडावं, हे आपल्याला धर्मच सांगतो. हजहून येताना झमझममध्ये भिजवलेलं कफन आणून पेटीत जपणाऱ्या बायका आपल्याच घरात आहेत. त्यांना हा विषय नवा नाही. भीती आपल्याला वाटते.

बोलायचं कसं? टीव्ही बंद करा, जवळ बसा. आधी विचारा, "दादी, तुमको क्या लगता, क्या हुआ है?" मग विचारा, "डॉक्टर जो बोले वो सब सुनना है, के अब्बा से बात करूँ?" ती "अब्बाशी बोल" म्हणाली, तर तोही तिचाच निर्णय. ऐकायचं म्हणाली, तर थोडं थोडं सांगा आणि मध्ये थांबा. ती रडली तर हात धरा, विषय बदलू नका. बरं होण्याची आशा नसेल तर व्हेंटिलेटर हवा का, घरी राहायचं की दवाखान्यात, हे तिलाच ठरवू द्या.

'आता काही करता येत नाही' असं मात्र म्हणू नका. वेदना, धाप, मळमळ यांवर शेवटपर्यंत उपचार असतात. त्यालाच पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली योग्य मात्रेत दिलेलं मॉर्फिन वेदना कमी करतं, जीव घेत नाही. ते मिळणं सोपं व्हावं म्हणून 2014 मध्ये कायदाही बदलला.

आणखी एक. 9 मार्च 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला. आपण बोलू शकणार नाही अशा वेळी कोणते उपचार नकोत, हे आधीच लिहून ठेवता येतं. 2023 पासून त्यासाठी मॅजिस्ट्रेटची सही लागत नाही. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. आपल्या वतीने कुणी निर्णय घ्यायचा, त्यांची नावंही त्यात लिहायची असतात.

म्हणून या आठवड्यात एवढंच करा. घरचे सगळे ठणठणीत असतानाच जेवणानंतर अब्बा-अम्मीला विचारा, "तुम्हाला काय हवं?" उत्तर लगेच येणार नाही. पुन्हा विचारा.