माग काढणाऱ्यांची विद्या

मंडळी, चोराचा ‘माग’ काढणं, बातमीचा ‘सुगावा’ लागणं, ‘दबा’ धरून बसणं हे शब्द तुमच्याआमच्या घरात रोज येतात. रान न पाहिलेली माणसंही ते वापरतात. हे शब्द ज्या कामात जगले, त्याविषयी आज बोलतो.

आपल्या मुलखाचे दोन भाग धरा. निपाणी-चिकोडीकडचा उघडा माळ काळविटाचा, खानापूरकडची झाडी सांबर-भेकराची. सांबराला इंग्रज शिकारी निलगिरीत आणि सिलोनात ‘एल्क’ म्हणत. खरं एल्क थंड देशातलं. सांबर रात्री चरतं, दिवसा गर्द झाडीत बसतं. म्हणून खरी शिकार बंदूक उचलण्याआधीच होई. माग काढणारा पहाटे पाणवठ्यावर जाई. खुराची कड ताजी आहे की ढासळलेली? लेंड्या ओल्या की वाळलेल्या? लोळणीतलं पाणी अजून गढूळ आहे का? शिंगं घासून खोडाची साल किती उंचीवर सोलली आहे? मग चिमूटभर माती सोडून तो वारा बघे, कारण माणूस दिसण्याआधी जनावराला त्याचा वास लागतो. हाका घालायचा तर हाकारे वाऱ्याच्या वरच्या अंगाला आणि बंदुका खालच्या. बाजूला झाडांवर माणसं बसत; जनावर आडवाटेला वळलं की फांदीवर काठी वाजवायची, एवढंच त्यांचं काम.

माळावर आडोसाच नाही. तिथे कोल्हापूर दरबारची तऱ्हा वेगळी. शाहू छत्रपतींच्या पदरी चित्ते होते. डोळ्यांवर टोपी चढवलेला चित्ता बैलगाडीतून नेत. काळविटाला रोजच्या गाडीचं भय नसे, त्यामुळे कळपाजवळ जाता येई. तिथे टोपी काढायची, पुढचं काम चित्त्याचं.

फासेपारध्याजवळ ना गाडी, ना चित्ता. शिकवलेल्या बैलाच्या आडून तो पावलापावलानं सरके. जनावराच्या वाटेवर खुंट्यांना बांधलेले फासे ओळीनं मांडी. कधी शिंगांना फास बांधलेला पाळीव नर सोडी. रानातला नर झुंजायला आला की अडके. माझ्या मते या तिन्हींत अक्कल याचीच मोठी.

कानडी मुलखात या लोकांना हरणशिकारीच म्हणतात. पण 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा अंमल पुढे मुंबई इलाख्यात आला, तेव्हा हीच माणसं जन्मानं गुन्हेगार ठरली, हजेरीला बांधली गेली. तो कायदा 1952 मध्ये गेला, शिक्का गेला नाही. काळवीट तेच, एकाच्या दिवाणखान्यात त्याची शिंगं, दुसऱ्याच्या नावावर पोलिसाची नोंद.

1972 च्या वन्यजीव कायद्यानं शिकार संपली, ते योग्यच झालं. खानापूरचं भीमगड 2011 मध्ये अभयारण्य झालं. आजही रानातली जनावरं मोजायची तर ठसे आणि लेंड्याच बघाव्या लागतात. कॅमेरे लावायचे तेही जनावराच्या वाटेवर. पण ती वाट वाचणारा हरणशिकारी त्या कामावर किती ठिकाणी दिसतो?

तुमच्यापैकी अनेकांच्या घरी शिकारीचा जुना फोटो असेल. पणजोबांची बंदूक कुठली, हे सगळे सांगतात. त्या दिवशी माग कुणी काढला, ते एकदा विचारा. तो बहुधा फोटोच्या कडेला उकिडवा बसलेला असतो.