टिपण कसें करावें

जालना जिल्ह्यांतील जांब हें समर्थ रामदासांचें जन्मस्थान, जन्मसाल १६०८. त्यांच्या दासबोधांत एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. अक्षराचें वळण शेवटपर्यंत एकच राखावें, पानाच्या भोंवतीं जागा सोडावी, असें तो सांगतो. कागदाची कड झडली तरी अक्षर शाबूत राहतें.

आजच्या विद्यार्थ्यानें ती मोकळी जागा आणखी एका कामीं लावावी. पाठ वाचून पुस्तक मिटावें, समजलें तेवढेंच स्वतःच्या शब्दांत लिहावें आणि त्यावरील प्रश्न कडेला मांडावा. दुसऱ्या दिवशीं मजकूर झांकून त्या प्रश्नावरून पाठ आठवून पाहावा. नुसतें पुस्तक उतरविणाऱ्याची वही भरते. परीक्षेच्या दिवशीं मात्र ती घरींच राहते.