अकोल्याचा पाऊस दर्यापुरात

श्रोतेहो, कवीला आकाशवाणीवर बोलावलं की तो कवितेवर बोलणार, असं तुम्ही धरून चालला असाल. मी आज फोर्ट्रानवर बोलणार आहे. फोर्ट्रान ही संगणकाला गणित सांगायची भाषा. मी साधा बी. ए. माणूस, गणितात जेमतेम पास झालेला. पण मागच्या वर्षी आमच्या अमरावतीच्या घरात या भाषेपायी तीन आठवडे जे चाललं होतं, ते मी जवळून पाहिलं, आणि त्यात मला माझीच एक जुनी चूक सापडली. ती आधी सांगतो.

मी आठ वर्षांचा असेन. तेव्हा आम्ही अकोल्यात राहत होतो. घरात उर्दू, तीही वऱ्हाडी वळणाची. शाळा मराठी. आईला मराठी येत नव्हतं असं नाही, पण कचेरीत शिरलं की ती गांगरायची, म्हणून दुभाषा म्हणून मला सोबत न्यायची. थोरल्या बहिणीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज होता. खिडकीतले बाबू म्हणाले, ‘‘मुदत काल संपली. आज दंड भरला तर घेतो.’’ मी आईकडे वळून सांगितलं, ‘‘कल तक है.’’ मराठीतला ‘काल’ म्हणजे गेलेला दिवस. आमच्या बोलीतला ‘कल’ गेलेलाही असतो आणि येणाराही. मी येणारा धरला. दंडाचं वाक्य तर मला नीट कळलंच नव्हतं, ते मी गाळलं. आई निश्चिंत मनाने घरी आली. दुसऱ्या दिवशी अर्ज परत मिळाला आणि बहिणीचं शिक्षण त्या वर्षी थांबलं. खिडकीच्या अलीकडच्या किंवा पलीकडच्या कोणालाही आदल्या दिवशी काही चुकलं असं वाटलं नव्हतं. बाबूंनी बरोबर सांगितलं होतं, आईने ऐकलं ते नीटच ऐकलं होतं. चूक मधल्या पोराची होती.

आता फोर्ट्रान. माझ्या मुलीने संख्याशास्त्रात एम. एस्सी. केलं आहे. तिच्या एका निवृत्त सरांनी फार पूर्वी पावसाच्या हिशेबाचा एक प्रोग्रॅम फोर्ट्रानमध्ये लिहिला होता. तो तिला पुढे चालवायचा होता. मी विचारलं, ‘‘इतकी जुनी भाषा कशाला? टाकून दे, नवीन लिही.’’ ती म्हणाली, ‘‘अब्बा, जुनी म्हणून तुम्ही गझल टाकली का?’’ मी गप्प बसलो.

फोर्ट्रान आली १९५७ साली, आयबीएम कंपनीत, जॉन बॅकस यांच्या चमूकडून. तिच्या नावाचा अर्थच मुळी सूत्रांचं भाषांतर. मला तर हे नाव फारच आवडलं. वय झालं म्हणून ती घरी बसलेली नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेली सहा किलोमीटरच्या जाळीची ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ २६ मे २०२५ ला सुरू झाली. असल्या हवामान-प्रारूपांचं मुख्य गणित आजही बहुतेक फोर्ट्रानमध्येच चालतं. आपल्या मूर्तिजापूर तालुक्यातल्या मुरंबा गावचे डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली पुण्यात ‘परम ८०००’ हा महासंगणक १९९१ साली उभा राहिला, हे वऱ्हाडात तरी कोणाला सांगायला नको. अशा यंत्रांवरही फोर्ट्रान आणि सी या दोन भाषा शेजारी-शेजारी नांदत आल्या आहेत.

सी ही धाकटी. अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास घडवली. आपल्याकडे ते साल दुष्काळाचं आणि मिलोच्या लाल ज्वारीचं. पुढे गणिताची पुष्कळ तयार अवजारं सीमध्ये झाली. त्यातलंच एक म्हणजे जीएसएल, जीएनयू सायंटिफिक लायब्ररी. १९९६ मध्ये काम सुरू झालं, २००१ मध्ये पहिली पक्की आवृत्ती आली. कोणालाही फुकट वापरता येते. मुलीला तिच्यातलं एकच अवजार हवं होतं. महिना किती तुटीचा गेला हे मोजायची एक पद्धत आहे, प्रमाणित पर्जन्य निर्देशांक. १९९३ साली कोलोरॅडोतल्या संशोधकांनी ती मांडली. तिच्यात पावसाचे आकडे ‘गॅमा’ नावाच्या वक्रात बसवावे लागतात. तो वक्र जीएसएलमध्ये तयार होता. फक्त फोर्ट्रानने सीला हाक मारायची होती.

पहिल्या दिवशी हाकच पोचेना. फोर्ट्रानचे बरेच कंपायलर नावाच्या शेवटी गुपचूप एक खालची रेघ जोडतात. आपण वऱ्हाडात नाही का, दिसेल त्याच्या नावापुढे ‘भाऊ’ लावत? फोर्ट्रान ‘गॅमाभाऊ’ अशी हाक मारत होती आणि सीच्या मोहल्ल्यात भाऊ नावाचं कोणी राहत नव्हतं. निदान ही चूक बोलकी होती, यंत्राने ‘सापडत नाही’ असं स्पष्ट सांगितलं. फोर्ट्रानच्या २००३ च्या प्रमाण आवृत्तीत यावर उपाय आहे. ‘बाइंड सी’ असं लिहून दाखल्यावरचं नाव जसंच्या तसं द्यायचं.

हाक पोचली, तर उत्तरं भलतीच येऊ लागली. याचं कारण मला समजायला दोन दिवस लागले, पण मी काही वर्षं अकोल्याच्या कापूस बाजारात कारकुनी केली आहे, त्यामुळे शेवटी उमगलं. फोर्ट्रानला संख्या दुसऱ्याकडे पाठवायची असली की ती सहसा संख्या पाठवत नाही, ती कुठे ठेवली आहे त्याचा पत्ता पाठवते. सीचं हे अवजार मात्र थेट माल मागतं. म्हणजे व्यापारी कापूस तोलायला बसलाय आणि तुम्ही त्याच्या हातात गोदामाच्या पत्त्याची चिठ्ठी दिलीत. शहाणा व्यापारी विचारेल, हे काय? सी विचारत नाही, जे हाती लागेल ते तोलून मोकळी होते. ‘व्हॅल्यू’ हा एक शब्द लिहिला की फोर्ट्रान माल पाठवते. शिवाय दोघींचं माप एकच आहे हेही आधी सांगून ठेवावं लागतं, नाहीतर एकीची संख्या चार बाइटची आणि दुसरीची आठची. कागदावर दोन्हींचं नाव संख्याच. तीन-चार ओळींचा हा करारनामा. तो लिहिल्यावर गॅमा बरोबर आला आणि घरात त्या दिवशी शेवयांची खीर झाली.

खीर जरा लवकरच झाली.

भारतीय हवामान विभागाने १९०१ पासूनचा देशाचा रोजचा पाऊस पाव-पाव अंशाच्या जाळीवर मांडून दिला आहे. पश्चिमेकडून पूर्वेकडे १३५ ठिकाणं, दक्षिणेकडून उत्तरेकडे १२९. अकोल्याचं ठिकाण पश्चिमेकडून ४३वं, दक्षिणेकडून ५८वं. ही फाईल उघडून हवा तो आकडा काढून देणारा सीमधला छोटा तुकडा मुलीने मैत्रिणीकडून घेतला होता. त्याला तिने आपल्या फोर्ट्रानमधून सांगितलं: ४३, ५८. महिनावार सरासरीचा तक्ता निघाला, सुबक रंगीत. तो तिने माझ्या मेव्हण्याला पाठवला. त्यांचं अकोल्याजवळ, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात शेत आहे. अशा पट्ट्यात विहिरीचं पाणी पिकाला चालत नाही, सगळी भिस्त आभाळावर. पेरणीनंतर खंड पडला की दुबार पेरणी, म्हणजे बियाण्याचे पैसे दुसऱ्यांदा. त्यांना या तक्त्यातून पुढे जूनचं काही कळेल अशी आशा होती.

रात्री त्यांचा फोन आला. ‘‘बेटी, अक्टूबर में इत्ता पानी? हमारे यहाँ इत्ता गिरता तो कपास बचती क्या?’’ खरंच, ऑक्टोबरचा खांब फारच उंच होता. आपल्याकडे तेव्हा बोंडं फुटलेली असतात, वेचणी सुरू होते. दरवर्षी एवढा पाऊस झाला असता तर वऱ्हाडाने कापूस कधीच सोडला असता. मुलगी आधी चिडली. आकडे सरकारी, गॅमा तपासलेला, मग मामूंना काय कळतंय? पण झोपली नाही.

पहाटे तिला सापडलं. फोर्ट्रान तक्ता उभ्या रांगांनी साठवते, सी आडव्या ओळींनी, आणि घराचा नंबर सांगायचा क्रमही त्यामुळे उलटतो. लहानपणी माझी एकच वही होती. एका बाजूने मराठीचा अभ्यास, दुसऱ्या बाजूने उलटून आजोबांची उर्दू. मधल्या पानांवर दोघांची गाठ पडली की बाहेरच्या माणसाला कुठून वाचावं कळत नसे. इथे तेच झालं. सीच्या तुकड्याला आधी उत्तर-दक्षिण हवं होतं, हिने आधी पूर्व-पश्चिम दिलं. ४३ आणि ५८ ही दोन्ही घरं दोन्ही बाजूंनी अस्तित्वात होती, म्हणून कोणी तक्रार केली नाही. आम्ही ज्याला अकोला समजत होतो तो पाऊस विजयवाड्याच्या उत्तरेचा, आंध्र आणि तेलंगणाच्या सीमेजवळचा निघाला. तिकडे ऑक्टोबरात पाऊस असतोच.

तिने क्रम उलटला. ऑक्टोबर खाली आला, मामूंनीही ‘ठीक’ म्हटलं. इथे कोणीही थांबलं असतं, मी तर नक्कीच. पण आता तिने उत्तराशेजारी त्या ठिकाणाचे अक्षांश-रेखांशही छापायला लावले, आणि आले २१ अंश उत्तर, सव्वासत्याहत्तर अंश पूर्व. हे अकोला नव्हे, दर्यापूरच्या जवळचं ठिकाण. फोर्ट्रान एकपासून मोजते, सी शून्यापासून. तळमजल्याला पहिला मजला म्हणायचं की नाही, तसाच हा घोळ. एका घराची चूक, पण दोन्ही दिशांना, आणि अकोल्याचा पाऊस शेजारच्या जिल्ह्यात. यावेळी ती मामूंनाही पकडता आली नसती, कारण दर्यापूरचा पाऊस अकोल्यासारखाच दिसतो.

विजयवाड्याच्या चुकीपेक्षा मला ही दुसरी जास्त लागली. त्या संध्याकाळी मी बहिणीला फोन केला आणि त्या अर्जाची, ‘काल’ आणि ‘कल’ची गोष्ट सांगितली. तिला आजवर वाटत होतं, कचेरीनेच नाकारलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘‘आठ साल का था तू,’’ आणि विषय बदलला.

मुलीने दोन्ही आकड्यांतून एक-एक वजा केला. आता प्रत्येक तक्त्यावर सगळ्यात वर ठिकाणाचे अक्षांश-रेखांश छापून येतात. जूनमधल्या खंडांचा तक्ता ती सध्या तयार करते आहे. मामूंचा फोन दर रविवारी येतो. तक्त्याचं नंतर विचारतात, आधी विचारतात, ‘‘दर्यापूर का तो नहीं ना, बेटी?’’