शोधयंत्र आणि गांवाचें नांव

एक तरुण जुन्या दस्तऐवजावरून पणजोबांचें 'मोमिनाबाद' शोधीत होता. निजामी अमदानींत आपल्या अंबाजोगाईचें तेंच नांव. पण आम्हीं केलेल्या गांवाच्या संकेतस्थळावर तें नव्हतें, म्हणून तो आमच्यापर्यंत पोहोंचलाच नाहीं. गूगलसारखें शोधयंत्र पानांवरील शब्दांची सूची आधींच करून ठेवतें व विचारणाऱ्याचे शब्द तींत ताडून पाहतें. यास्तव जुनीं-नवीं नांवें वाक्यांत सहज यावींत.

परंतु पाहुणा दारीं आला, एवढ्यानें आतिथ्य होत नाहीं. दासोपंतांची पासोडी कोठें व केव्हां पाहावयास मिळते, परळी स्थानकावरून कसें यावें, हें तेथेंच सांगावें. नुसती नांवांची रास म्हणजे रिकाम्या दुकानावरची पाटी. एकदां फसलेला वाटसरू पुन्हां फिरकत नाहीं.